पीप क्रमांक एकशे बारा

सकाळी दहाच्या आत. जीभ तेव्हा कोरी असते.
डब्यातला ठेचा तसाच ठेवलाय, संध्याकाळसाठी.

वाळूजच्या या खोलीला खिडकी नाही.
पाच पेले, पाच झाकणं, थुंकायला स्टीलची बादली,
आणि कानडेसाहेब,
ज्यांनी लेबल आधीच छापून आणलंय :
अखेरचे नऊ महिने रेड वाइनच्या पिपात.
अक्षरं सोनेरी, बोटाला लागणारी.
किंमत सांगताना त्यांचा आवाज खाली येतो,
गाभाऱ्यात यावा तसा.

पेला तिरका करते.
रंग काकवीचा, शेवटच्या उकळीतल्या,
आत कुणी जांभूळ चुरडल्यासारखा.
काचेवरून थेंब उतरतात
तलाठ्याकडं आलेल्या म्हाताऱ्यासारखे,
आज नाही तर उद्या.

मग नाक.
हे नाक वडलांचं.
ते दारूबंदी खात्यात जमादार; गेवराई, जिंतूर, शेवटी किनवट.
ओढ्याकाठी पुरलेलं रसायन वाऱ्यावरून ओळखायचे.
'नवसागर आहे. फोडा.'
आणि हे?
'हे नुसतं मोहाचं,' म्हणायचे,
अन् काठी उचलायला जरा उशीर करायचे.
आमच्या घरात दारूचं एवढं ज्ञान,
गिळली मात्र कुणीच नाही.

थेंबभर पाणी. पुन्हा हुंगते.
आधी मोसंबीची साल, जालन्याच्या मोंढ्यात पेटी फुटल्यावर येते ती.
मग बेदाणा.
मग सीताफळ, बालाघाटातलं, डोळे उघडलेलं,
जे उद्यापर्यंत टिकणार नाही.
फॉर्मवर रकाने आहेत : मनुका, आलुबुखार, व्हॅनिला, ओक.
सीताफळाला रकाना नाही.
'इतर'मध्ये लिहिते, बारीक अक्षरात.

'मखमल, नाही का?' कानडेसाहेब.
मखमल आहे. खोटं कशाला बोलू.
पण घोटाच्या मधोमध काहीतरी आहे,
काडी विझल्यावर बोटांना राहतं ते.
गंधक.
रिकामं पीप बोटीवर आंबू नये म्हणून आत जाळतात,
इथं ते नीट धुतलं नाही कुणी.

आणि दुसरं.
या जवानं चार उन्हाळे काढले, बेचाळीस अंशांचे, पत्र्याखाली.
दर वर्षी दहातला एक हिस्सा हवेत गेला.
साहेब त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात.
मुनीरचाचा, पिपांच्या पट्ट्या ठोकणारे, म्हणतात,
'फरिश्ते इतकं पीत नाहीत, बेटा. हा उन्हाचा हिशेब.'
एवढं सोसून जे उरलं
त्याला बोलू तरी द्यायचं.
द्राक्ष नऊ महिन्यांचं पाहुणं,
आणि ओसरीवर बसून
तेच सगळ्यांना चहा विचारतंय.

शंभरात एकसष्ट.

'बाकीच्यांनी एकोणनव्वद दिलेत.'
मी बादलीत थुंकते, तोंड पुसते.
'तुम्ही स्वतः तर पीतही नाही, मॅडम.'
सराफ कुठं सोनं खातो, म्हणते मी.
वाक्य बरं जमलं. उत्तर ते नव्हतं.

पाचव्या पेल्यात तीच व्हिस्की, द्राक्षाआधीची,
बिनलेबलची, साधी.
तिच्याकडं मी कामापेक्षा जास्त वेळ बघते.

संध्याकाळी घरी. वडील बाजेवर.
तीन वर्षांपूर्वीच्या तापात त्यांचं नाक गेलं.
आमच्याकडं नाक जाणं म्हणजे अब्रू जाणं,
यांचं खरंच गेलं.
फोडणी करपली तरी कळत नाही.
मी हात पुढं करते, बोटांना अजून वास आहे.
ते डोळे मिटतात, ओढतात श्वास,
जुन्या सवयीनं मान जराशी वाऱ्याच्या दिशेला.
काहीच नाही.

'नवसागर?' विचारतात.
नाही.

बराच वेळ माझी बोटं तशीच धरून ठेवतात.
'मग फोडू नको.'